उभं पाणी

सकाळचे पावणेसात झाले तरी घरात चहा नव्हता, आणि प्रतिभाबाईंचा संयम सुटायला आला होता.

"अगं, एक कप पाणी. एका कपानं तुझ्या त्या परीक्षेचं काय बिघडणार आहे?"

"एका कपानंच सगळं बिघडतं, आई," शलाका सासूबाईंना म्हणाली. दहा महिन्यांची जुई तिच्या कडेवरून नळाकडे हात करत होती. "रात्री नऊनंतर नळ कुणी उघडलेला नाही. तो तपासनीस येऊन जाऊ दे, मग बादलीभर चहा करते तुम्हाला."

"बेसिनच्या नळाचं घेते मग."

"तोही नको! दोन्ही नळ एकाच बनावटीचे आहेत. दात घासायला बाल्कनीत बादली ठेवलीय."

"बाल्कनीत दात! एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं मी, आता शेजाऱ्यांना हे दाखवायचं," असं म्हणत प्रतिभाबाई ब्रश घेऊन बाहेर गेल्या.

ओट्यावरचा नळ हे ऐकत नव्हता, नुसता बघत होता. तोटीच्या वर मसुराच्या दाण्याएवढा काचेचा डोळा होता. खाली हात धरला तर हात धुण्यापुरतं, पातेलं धरलं तर पातेल्यापुरतं, पावडरच्या दुधाची बाटली धरली तर बरोबर दीडशे मिलिलिटर पाणी येई आणि धार आपोआप थांबे. राष्ट्रीय नळमानक कायदा येऊन चार वर्षं झाली होती. वायसरपासून फ्लशच्या टाकीपर्यंत एकही वस्तू नळमानक मंडळाच्या क्रमांकाशिवाय विकता येत नव्हती. हे भाग एकमेकांना ओळखत, आणि मध्येच कुणी बिनक्रमांकाचा तुकडा बसवला तर पाणीच बंद होई. शिवाय प्रत्येक मोरीच्या जाळीखाली बसलेला असे मोरीमापक. चांगलं पाणी न वापरता मोरीत गेलं की तो टण्‌कन वाजे आणि त्या घराच्या नावावर निर्हेतुक पाण्याचा ठपका चढे. महिन्यात तीन ठपके झाले की त्या घराचा नळ दिवसभर नुसता ठिबके. शिवाय जिन्यातल्या फलकावर नाव लागे, ते वेगळंच.

कायदा वाईट होता असं शलाकाही म्हणाली नसती. या सोलापुरात चार-पाच दिवसांतून एकदा पाणी यायचं, तेव्हा प्रतिभाबाईंचं अर्धं आयुष्य पिंपं भरण्यात गेलं होतं. कायद्यानंतर पाणी रोज येऊ लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. नळाविरुद्ध शब्द काढला की त्या सुनेकडे अशा बघत, जणू तिनं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला उलट उत्तर दिलंय.

पण जुईच्या रक्तात शिसं सापडलं होतं.

आठव्या महिन्यातल्या तपासणीत आकडा नऊ आला. "खरं तर शून्य हवा," डॉक्टर बिराजदार म्हणाल्या होत्या. "घाबरू नका, पण कुठून जातंय ते शोधा. या वयात मेंदू घडत असतो." शलाकानं घर पालथं घातलं. काजळ गेलं, खेळणी गेली, सुटी हळद गेली, खिडकीचा जुना रंग खरवडून झाला. पुण्याला नोकरी करणारा नवरा, निनाद, रोज फोनवर विचारायचा, "सापडलं का?" जणू हरवलेली किल्लीच! दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. आकडा चौदा.

मग उरलं पाणी. तिनं मंडळाला फोन लावला तेव्हा यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार गळती, कमी दाब, गढूळपणा, वास की आवाज?"

"शिसं."

"शिट्टी, असे ऐकू आले. आवाज या विभागात नोंद करत आहोत."

"शिट्टी नाही हो! शिसं! धातू!"

"धन्यवाद."

आणि खरोखरच एक माणूस नळाची शिट्टी बंद करायला आला. वाजत नसलेला नळ त्यानं तेल घालून पुसून दिला आणि तक्रार निकाली काढली. दुसऱ्या खेपेला रीतसर तपासणी झाली. शलाका तेव्हा ऑफिसात होती. घरी आली तेव्हा प्रतिभाबाईंनी कागद पुढं केला. शिसं, शून्य. "झालं समाधान?" त्या म्हणाल्या होत्या. समाधान झालं नव्हतं, म्हणूनच तिसऱ्या तक्रारीला तिनं रजा काढली होती. आपल्या डोळ्यांदेखत तपासणी व्हायला हवी, आणि तीही रात्रभर नळात राहिलेल्या पाण्याची, असं तिनं ठरवलं होतं. रसायनशास्त्रात पदवी घेऊन विम्याच्या कंपनीत फायली तपासणाऱ्या बाईला एवढं तरी आठवत होतं.

सात वाजता बेल वाजली. मंडळाचे नळतपासनीस हत्तुरे पन्नाशी ओलांडलेले, मिशीवाले गृहस्थ होते. जुईला बघून त्यांनी आधी तिला एक टिचकी वाजवून दाखवली, मग पेटी उघडली.

"हे बघा काका, रात्री नऊपासून नळ बंद ठेवलाय," शलाका म्हणाली.

"बरं केलंत की," म्हणत त्यांनी एक चकती नळाच्या डोळ्यासमोर धरली. डोळा हिरवा झाला, ओट्याच्या मोरीतला मोरीमापक तेवढ्यापुरता बंद झाला आणि नळ पूर्ण उघडला. असली जाडजूड धार या घरानं चार वर्षांत पाहिली नव्हती. जुईनं टाळ्या वाजवल्या. प्रतिभाबाई दारातून "अगंबाई, केवढं पाणी!" असं हळहळल्या.

मिनिटभर पाणी वाहून गेल्यावर हत्तुऱ्यांनी छोट्या कुपीत नमुना धरला आणि यंत्रात घातला. "शून्य. घ्या ताई, अगदी उत्तम आहे."

शलाका उसळली. "तुम्ही आधीचं पाणी सोडून दिलंत!"

"मग? तसा नियमच आहे की. उभं पाणी काढून टाकायचं, ताजं आलं की नमुना घ्यायचा. उभ्या पाण्यानं नमुना खराब होतो."

"आणि माझी मुलगी कुठलं पाणी पिते?"

"आता ते नियमात कसं येईल ताई?"

"अहो, मिनिटभर पाणी सोडायला मला परवानगी कुठं आहे? बाटली धरली की हा दीडशे मिलिलिटर मोजून देतो. पहाटे पाचला उठते ही. ते पाणी रात्रभर नळात उभं असतं!"

हत्तुरे मिशीवरून हात फिरवत राहिले. "भिंतीत रोधक असतो, धार बारीक करणारा," ते सावकाश म्हणाले. "पितळी पेटी. तांब्याएक पाणी मावतं तिच्यात. पितळ नीट कापलं जावं म्हणून चिमूटभर शिसं घालतात, पण ते मर्यादेत आहे. मंडळानं तपासलंय."

"कुठल्या पाण्यावर?"

हत्तुरे यंत्र पुसू लागले.

बेसिनचा नळही रात्रीपासून बंद होता. शलाकानं जुईला सासूबाईंच्या हातात दिलं, फडताळातली वाटी ओढली आणि बेसिनच्या नळाचं पहिलं पाणी तिच्यात धरलं. "हे तपासा."

त्यांनी तपासलंही. यंत्रानं दोन सेकंद विचार केला आणि अक्षरं उमटवली. नमुना अमान्य. प्रमाणित पद्धत नाही.

"अहो, नमुना अमान्य म्हणजे काय? पाण्यात काय आहे ते सांगा ना!"

"ते नाही सांगत हे यंत्र. पद्धत चुकली की आकडाच लपवतं."

शलाकाच्या डोक्यात तिडीक गेली. गेले कित्येक दिवस ती शून्य नावाच्या भिंतीवर डोकं आपटत होती. पोरीची बोटं टोचून झाली, शिट्टीवाला येऊन गेला, सासूबाईंचा चहा अडकला, आणि आता हे यंत्र तिला पद्धत शिकवत होतं! तिनं वाटी उचलली आणि सगळं पाणी फाडकन बेसिनमध्ये भिरकावलं. मग खांदे आवळून ती मोरीमापकाच्या टणत्काराची वाट बघत राहिली.

काहीच वाजलं नाही.

"ठपका नाही आला?" प्रतिभाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "बिघडलाय की काय हा?"

शलाकानं बादली पुढं केली, तशी नळ ती भरू लागला. ताजं पाणी यायला लागलं तेव्हा तिनं त्यातलं वाटीभर घेऊन ओतलं.

टण्!

तिघंही मोरीकडे बघत राहिले. हत्तुऱ्यांनी चष्मा चढवला, मोरीमापकाची नोंद स्वतःच्या पडद्यावर घेतली आणि दोनदा वाचली. "दुसरी वाटी, निर्हेतुक पाणी. बरोबर आहे. पहिली वाटी…" त्यांनी पडदा शलाकाकडे वळवला. "सांडपाणी, वर्ग तीन. धातू."

"मोरीमापकाला धातू कळतो?"

"कळायलाच हवा. रंगाचे कारखाने, धातूचा मुलामा देणारे चोरून घाण पाणी मोरीत सोडतात ना, त्यांना पकडायला बसवलाय त्यात. एकाच साच्याचे सगळे, म्हणून घरोघरी तोच."

"म्हणजे मोरीला जे समजतं ते तोटीला समजत नाही," शलाका म्हणाली. "तोटी म्हणते प्या, आणि मोरी त्याच पाण्याला म्हणते सांडपाणी."

हे बोलता बोलता दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती तिथंच स्टुलावर बसली. ठपक्याच्या भीतीनं तिनं पहाटेचं पहिलं पाणी कधी सोडून दिलं नव्हतं. सोडलं असतं तर ठपका आलाच नसता! पाच महिने रोज पहाटे ती हेच पाणी निगुतीनं उकळत होती. उकळून जंतू जातात, शिसं तसंच राहतं. तिला ठाऊक होतं हे, पदवीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"काका, हे लिहा," ती म्हणाली.

"लिहायचं कुठं? फॉर्म विचारतो, नमुना प्रमाणित पद्धतीनं घेतला का? नाही म्हटलं की अर्ज गळाला."

"दुसरा काही मार्ग असेलच ना."

"एक आहे. लाल शेरा," हत्तुरे म्हणाले, आणि ते उगाच पेटीतली हत्यारं नीट लावू लागले. "वस्तूच अप्रमाणित म्हणून शेरा मारायचा. पण मग या घरचाच नळ बंद होत नाही ताई. या बनावटीचे सगळे नळ एकमेकांना ओळखतात. तासाभरात देशभरचे अकरा लाख नळ एकदम बंद. घरं आली, वसतिगृहं आली, दवाखानेसुद्धा. नवीन रोधक बसवायला महिने लागतील. आणि माझ्या हातात आहे काय, तर मोरीची एक नोंद. वरचे म्हणतील, हत्तुरे, मोरी कधीपासून साक्ष द्यायला लागली?"

अकरा लाख नळ. शलाकाच्या डोळ्यांपुढं रांगा आल्या, टँकर आले, आणि त्या रांगांमध्ये तिच्यासारख्याच बाया, काखेत पोरं घेतलेल्या. आपण म्हणतोय ते बरोबर आहे ना, असं तिला एकदम वाटून गेलं.

बोलल्या त्या प्रतिभाबाई. जुई त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत होती. "पिंपं भरून आम्ही दिवस काढलेत. पाठ मोडते, दुसरं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पाणी नसलं की निदान दिसतं तरी, नाही म्हणून. हे कुणाला दिसणार? तुम्ही लिहा. मोरीची साक्ष कमी पडली तर माझी घाला, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून."

हत्तुऱ्यांनी लाल शेऱ्याचा रकाना उघडला. अंगठा ठेवायची जागा पडद्यावर उजळली. पण त्यांचा अंगठा वरच थांबला.

"ताई," त्यांनी विचारलं, "ही बाटलीनं दूध कधीपासून घेते?"

"पाचव्या महिन्यापासून. का?"

डाव्या हातानं खिशातून फोन काढून त्यांनी घरचा नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला. मागून तान्ह्या मुलाच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"सूनबाई," हत्तुरे म्हणाले. "आपल्या बाळाच्या बाटलीत पहाटे पाणी घालतेस, ते नळाचं पहिलंच असतं का गं?"