पाणी न पिणारा डबा

हिंगणघाटच्या बाजारात मधुकररावांच्या फोटो स्टुडिओत दोनच जातीचं गिऱ्हाईक येई. एक पासपोर्ट फोटोवालं, दुसरं लग्नाचा अल्बम अजून का झाला नाही म्हणून भांडणारं. २००५च्या हिवाळ्यात तिसरं आलं. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणारा हेमराज. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "पाण्यात चालणारा कॅमेरा आहे काय?"

रुपानं, म्हणजे मधुकररावांच्या मुलीनं आणि दुकानाच्या खऱ्या मालकिणीनं, त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत मोजलं.

"जमिनीवरचे फोटो संपले काय?"

"वणा नदीच्या डोहात मरळ मासोळी आपल्या पिल्लांची राखण करते. तेच टिपायचं आहे."

त्याचं बोट मात्र लांब झूमच्या भारी कॅमेऱ्यावर होतं. रुपा उखडलीच.

"याचा पाण्यातला डबाच भेटत नाई! आधी डबा पाहा, मंग त्यात बसते तो कॅमेरा घ्या. अन् गढूळ पाण्यात झूम काय कामाचा? जवळ जा लागते."

"जवळ गेलं तं पळते ना."

"पळते का थांबते... जाऊन तं पाहा—"

तो हसला. रुपानं उगाच काच पुसायला घेतली.

अखेर लहानसा पाच मेगापिक्सलचा कॅमेरा ठरला. त्याच्या मापाचा पारदर्शक डबा मुंबईहून मागवला. आला की फोन करते, असं तिनं बजावलं होतं. तरी हा प्राणी दर दोन दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून हजर! "आला काय डबा?"

तीन आठवड्यांनी आला. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला रुपा स्वतः कुंकू लावी. उघड्या डब्यालाही तिनं बोट टेकवलं, अन् दम दिला, "आधी रिकामा बुडवा. आत टिश्यू पेपर ठेवा. या रबराच्या कडीत केस जरी अडकला तरी पाणी शिरते."

"अन् शिरलं तं?"

"नाई शिरत. माया शब्द आहे."

चौथ्या दिवशी हेमराजनं ओला डबा चार गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर ठेवला.

"तुमच्या शब्दात पाणी शिरलं, मॅडम."

झालं! "एवढे शिकले, अन् एक कडी पुसता नाई आली? ते मरळ अख्खी पिल्लावळ सांभाळते, तुमाले एक डबा नाई सांभाळता येत! रोज मुंबईले फोन करू करू मायं तोंड दुखलं, अन् तुमी कॅमेरा बुडवून—"

हेमराजनं खिशातून कॅमेरा काढला. कोरडा ठणठणीत.

"हा घरीच होता. रिकामा बुडवला, तुमी सांगतलं तसा."

मग घडी उलगडून टिश्यू पेपर ठेवला. गुलाबी.

रुपानं कागद पाहिला. कडीच्या खाचेत कुंकवाचा कण पाहिला. मग स्वतःचं बोट. गिऱ्हाइकं गालात हसू लागली, तसा तिचा संताप आणखीच चढला.

"हे आल्या आल्या काऊन नाई सांगतलं?"

"तुमी बोलून राह्यल्या होत्या."

"अन् कडी पुसली की झालं, हे कळत होतं ना? मंग दुकानात काऊन आले?"

तो कानापर्यंत लाल झाला. पहिल्यांदाच त्याची नजर काउंटरवर खिळली.

"मायाजवळ झूम नाई ना... जवळ या लागते म्हणे."

रुपानं कडी काढली, मऊ फडक्यानं तीनतीनदा पुसली, खाचेत बसवली आणि डबा खटकन बंद केला.

"रविवारी डोहावर मी येईन," ती रागानंच म्हणाली. "कडी मीच लावीन. तुमच्यावर काडीचा भरोसा नाई."

हेमराज गुलाबी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवू लागला.

"फेका ना तो कचरा!"

"नाई फेकत," तो म्हणाला. "कुंकू लावल्याबिगर तुमच्या दुकानातून काई निघत नाई म्हणे... मले तं लावलंच नाई."