बारा वाजता आलेला फोन

दुबईहून जावयाची तार आली: प्रमिला विमानातून उतरलीच नाही.

हिलाल नाना तार घेऊन धुळ्याहून तडक जळगावच्या पोलीस ठाण्यात आले. तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. कोणती गाडी किती किलोमीटर जाणार, कधी पोचणार, हे झोपेतही सांगेल असा माणूस. एकुलती एक लेक नवऱ्याकडे, भाईदासकडे निघाली, तेव्हा सेलवर चालणारं नवं घड्याळ दिलं, तेही दुबईच्या वेळेला, दीड तास मागे लावून. "आता तू तिकडचीच," म्हणाले होते.

फौजदार भिकन पाटलांनी तिच्या सासरहून, असोद्याहून, दिराला, कौतिकला, बोलावून घेतलं होतं. त्याच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

"हे काय?"

"केळीचा घड कापताना विळा लागला, साहेब."

"विमानतळावर तिला कोणी सोडलं?"

"मीच. मंगळवारी सकाळी." त्याने भावाचं पत्र पुढे केलं. विमान मुंबईहून दहाला सुटेल, दुबईत साडेअकराला पोचेल, असं लिहिलेलं. "बाराला मुंबईच्या लॉजवर, मी उतरलो होतो तिथं, तिचा फोन आला. पोचले म्हणाली. पुढचं दादालाच विचारा. त्याचं तिथं काय चाललंय, आम्हाला काय ठाऊक?"

फौजदारांना पटत चाललं होतं. विमान कंपनीचं उत्तर यायला आठवडा लागणार होता. नाना मात्र आतून पेटले होते.

"बारा कुठल्या घड्याळात वाजले, कौतिक?"

"लॉजच्या भिंतीवरच्या. माझ्याही."

"नक्की?"

"देवाशपथ, नाना."

नाना फौजदारांकडे वळले. "साहेब, मुंबई-दुबई एकोणीसशे किलोमीटर. विमानाला तीन तास लागतात. पत्रातले साडेअकरा दुबईच्या घड्याळातले. आपल्याकडे तेव्हा एक वाजतो. बाराला विमान समुद्रावर होतं, मग फोन कुठून केला तिनं? यानं दीड तासात विमान पोचवलं आणि अर्धा तास सामानाला दिला. ती विमानात बसलीच नाही. दुबईत हरवली असं दाखवलं, की बेड्या माझ्या जावयाला."

कौतिक दाराकडे धावला. शिपायाने त्याला चौकटीवर आपटलं, कपाळ फुटलं, फडकं सुटलं. मनगटावर विळ्याचा वार नव्हता. दातांचे व्रण होते.

नानांनी त्याची गचांडी धरली, तोंडात घरची अहिराणी आली. "बठ्ठं सांग, सगळं. मनी पोर कोठे शे?"

"दादाला सांगणार होती ती," कौतिकच्या कपाळातून रक्त येत होतं. "मी तिच्या अंगाला हात लावायचो ते. तिची त्याला लिहिलेली पत्रं मी अडवली. तिथं गेली असती, तर तोंडानं सांगितलं असतं. स्टेशनला जाताना मळ्यात नेली. चावली. मग विळा घातला."

केळीच्या मळ्यात कुदळी चालल्या. आधी हात लागला. मान अर्धी तुटलेली होती.

तिच्या मनगटावर घड्याळ चालू होतं. फौजदारांच्या घड्याळात साडेपाच, तिच्या घड्याळात चार. शिपाई ते काढायला वाकला.

"राहू द्या," नाना म्हणाले. ते मातीत बसले, काच धोतराच्या सोग्याने पुसली. "टाइम बरोबर शे, माय," म्हणत ओक्साबोक्शी रडू लागले.