दोन तुऱ्यांचा

सुकापूरच्या रस्त्याला, टाइल्सच्या दुकानामागे निसीम चेऊलकरची फायबरच्या मूर्ती करायची पत्र्याची शेड होती. आजवर मंडपांचे हत्ती, देखाव्यांचे उंदीर करून झाले होते. यंदा खारघरच्या एका बागेसाठी मांसाहारी डायनासोर करायचा होता, डोक्यावर दोन उभे तुरे असलेला. निसीम वाचून काम करणारा माणूस. त्या जनावराची लांबी, चाल, शिकार, सगळं त्यानं वहीत टिपून घेतलं होतं.

फायबर घासायला शुक्री यायची. वाडीवरची, अबोल. चार दिवस मुकाट्यानं घासल्यावर पाचव्या दुपारी ती म्हणाली, “सायब, हात चुकलं.”

“काय चुकलं?”

“पंजं खाली नाय करत तो. टाळी वाजवल्यावानी समोरासमोर धरतो. आन बसतो कोंबडीवानी, पोट टेकून.”

निसीम हसला. संध्याकाळी पुन्हा वाचायला बसला तेव्हा ते हसू मावळलं. खडकात उमटलेल्या ठशांवरून अभ्यासकांनी हेच लिहिलं होतं.

“कुठं पाहिलंत, शुक्रीबाई?” दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

“मी नाय. माझ्या दिपानं.”

घासता घासताच तिनं सांगितलं. शिमग्याच्या आधी वीटभट्टीवर अख्खी थप्पी दिपावर कोसळली. सहा वर्षांची पोर. दोन तास सगळे विटा उपसत होते. तळाशी दिपा सापडली, अंगावर ओरखडा नाही. भोवती घमेलं पालथं घालावं तशी मोकळी जागा. ‘तो माझ्यावर बसला होता,’ एवढंच पोर बोलली आणि मातीत बोटानं त्याचं चित्र काढून दाखवलं. दोन तुरे, समोरासमोर पंजे.

“माझी पोर राखली त्यानं,” शुक्री म्हणाली. “त्याचं अंग खरखरीत राहू नये, येवढंच माझ्या हातात हाय.”

निसीमनं पंजे कापून पुन्हा बसवले.

मूर्ती न्यायच्या दिवशी शुक्री दिपाला घेऊन आली. दोघींनी पायाशी जास्वंद ठेवली, हात जोडले. निसीमचेही हात नकळत जुळले. पोर समोर धडधाकट उभी होती. अजून काय विचारायचं?

दिपानं मूर्तीच्या पोटावर तळवा ठेवला. मग कान लावला. बराच वेळ.

“काय गं?” निसीमनं विचारलं.

“ह्याच्यात कोण नाय.”

“त्याच्यात होतं?”

“हां,” दिपा म्हणाली. “कोनतरी आतून ठोकत होतं. आधी जोरात. मंग हळूहळू. मंग थांबलं.”