दुसरी पार्टी

"गिऱ्हाईक गळतंय असं वाटलं, की दुसरं उभं कर. खुशाल कर. पण त्याला चेहरा देऊ नकोस."

काकांचं हे वाक्य माझ्या धाकट्या जावेला पाठ होतं. काका म्हणजे घरांच्या दलालीतले तिचे गुरू.

"का हो काका?" तिने तेव्हा विचारलं होतं.

काका हसले नव्हते. "नुसतं 'दुसरी पार्टी' म्हणायचं आणि गप्प बसायचं," एवढंच म्हणाले होते.

रोज सकाळी हात जोडताना मी एकच मागते, जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. तेव्हा मी हे रचून सांगतेय असं कोणी समजू नये. जाऊ आणि मी एकाच घरात राहतो. तिने जसं सांगितलं तसंच लिहितेय. आणि लिहिताना जिन्याकडे पाठ करून बसायची माझी हिंमत नाही.

त्या दिवशी लख्ख दुपार होती. गल्लीच्या टोकाची इमारत, तिसरा मजला, बरेच महिने बंद असलेला फ्लॅट.

जाऊ नेहमीसारखी आधीच पोचली. खिडक्या उघडल्या, सगळे दिवे लावले, नळ सोडून गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं. गिऱ्हाईक यायच्या आधी घराने श्वास घेतलेला असला पाहिजे, असं ती म्हणते.

मग नवरा-बायको आले. बायकोला सातवा महिना. तिला घर आवडलंय, हे तिच्या चालण्यातच कळत होतं. नवरा मात्र भिंतींवर टिचक्या मारत हिंडत होता.

"बघतो. विचार करून कळवतो," तो म्हणाला.

दलालीत याचा अर्थ एकच. गेलं गिऱ्हाईक.

"कळवा की," जाऊ म्हणाली. "फक्त लवकर कळवा. दुसरी पार्टीही मागे लागलीय."

नवरा हसला. "मॅडम, तुमच्या प्रत्येक घरामागे एक दुसरी पार्टी असतेच का हो? आम्हाला कधी दिसत नाही ती!"

ते तिला झोंबलं.

"बाई आहेत एक," ती बोलून गेली. "एकट्याच असतात. राखाडी शाल. पाय जरा अधू आहे, काठी टेकत चालतात. कालच येऊन गेल्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, पाळणा इथेच ठेवेन."

बायकोचा हात पोटावर गेला.

"एकट्या आहेत ना? मग पाळणा कशाला?"

"बाळ यायचंय म्हणाल्या," जावेने ठोकून दिलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

घर ठरलं.

ती दोघं पुढे गेली. जाऊ दाराला कुलूप घालत होती. तेवढ्यात आत...

खिडकी लागली.

सावकाश. कोणीतरी हाताने ओढून घ्यावी तशी.

वाऱ्याने लागली असेल, असं म्हणून ती जिना उतरली. खाली येऊन पाहिलं, तर झाडाचं पानही हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"घर... दाखवता ना?" बाईचा आवाज. फार दमलेला.

"हो तर! कुठलं?"

"तेच. आतल्या खोलीचं."

जाऊ एका हाताने दुसऱ्याच कुठल्यातरी घराचं कुलूप उघडत होती. फोनवर कोणीही असो, तिच्या तोंडी एक वाक्य बसलेलं आहे. तेच बाहेर पडलं.

"दाखवते की. तुमच्यासाठीच ठेवलंय."

"शब्द?"

"शब्द."

बाई पुढे बोलली नाही. फोनही ठेवला नाही. पलीकडून नुसता आवाज येत राहिला...

टक.

टक.

जावेने फोन कट केला.

जोडपं नव्या घरात राहायला आलं. जावेने त्या फोनचा विषय मनातून झाडून टाकला. निदान तसं तिला वाटलं. मग एक दिवस बायकोचा फोन आला.

"ताई, या घराची चावी अजून कोणाकडे आहे का?"

"छे! सगळ्या तुमच्या हातात दिल्या. का गं?"

"पाळणा आणलाय. आम्ही भिंतीशी ठेवतो..." ती थांबली. "सकाळी खिडकीपाशी असतो."

"अगं, नवरा सरकवत असेल!"

"तो म्हणतो, मीच सरकवते. आधी चेष्टा करायचा. आता करत नाही."

मग बायको पुढे सांगू लागली.

"जिन्यात काठीचा आवाज येतो, ताई. आमच्या दारापर्यंत येतो. बेल वाजत नाही. उघडलं की कोणी नाही. आज मी उघडलंच नाही. तर बाहेरून..."

"बाहेरून काय?"

"बाहेरून एक बाई म्हणाली, 'मला अजून दाखवलं नाही.'"

मग बायकोने विचारलं.

"ताई, माझे दिवस भरत आलेत. तुमची ती दुसरी पार्टी खरी आहे ना हो?"

खरी आहे म्हणावं तरी भीती. खोटी आहे म्हणावं तरी भीती.

जावेने काकांना फोन लावला. धंदा सोडून काका आता घरीच असतात.

"चेहरा दिलास," काका म्हणाले. विचारलंसुद्धा नाही.

"चुकले, काका."

"नाव दिलंस?"

"नाही."

"बरं केलंस. मी दिलं होतं."

मग काका अगदी हलक्या आवाजात बोलले, शेजारच्या खोलीतल्या कोणाची झोप मोडू नये असे.

"विकलेलं घर दाखवता येत नाही. रिकामी खोली बघ. खिडकीची. आणि परक्याची बघू नकोस, पोरी. माझ्याकडेही..."

वाक्य अर्धंच राहिलं. फोन ठेवला गेला.

संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली आणि तिने हे सगळं सांगितलं. काका काय म्हणाले तेही. दिवसभर बडबडणारी बाई, पण आवाज चिमटीत मावेल एवढा झाला होता.

"ताई, खोटं मी बोलले. त्या पोरीच्या बाळाने का भोगावं?"

मी काय सांगणार? मला एकच वाट ठाऊक.

"खोटं बोललीस ते बोललीस. पण शब्द दिलास ना? मग तो पाळ."

"पाळू?"

"पाळ."

तिने जिन्याकडे पाहिलं.

आमच्या घराची वरची खोली मुलं नोकरीला बाहेर पडल्यापासून रिकामीच आहे. तिला एकच खिडकी. रस्त्यावर उघडणारी.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पाळ, असं मीच म्हणाले होते. आता ते परत कसं घेऊ?

ती उठली. खुंटीवरची वरच्या खोलीची चावी घेतली. आरशात बघून केस सारखे केले, गिऱ्हाईकाला भेटायला जाताना करते तसे. चपला पायात सरकवल्या.

मी तिच्यामागे अंगणात आले आणि सहज वर पाहिलं.

वरची खिडकी सताड उघडी होती. आत दिवा लावलेला.

माझ्याशी बोलायला बसण्याआधीच ती वर जाऊन आली होती.

गिऱ्हाईकाला ती नेहमी गल्लीच्या तोंडापासून सोबत घेऊन येते. फाटकाचा आवाज होऊ न देता ती बाहेर पडली आणि त्या दिशेने चालू लागली.