खांबावरचा खळगा

स्टेडियमचा जुना स्टँड पाडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. स्टँडच्या तोंडाशी एक दगडी खांब होता. आत शिरताना प्रत्येक जण त्याला उजवा तळहात टेकवायचा आणि मगच जागेवर जायचा. इतक्या वर्षांच्या हातांनी दगडाला खळगा पडला होता. बाबांची उजवी करंगळी कारखान्यात लेथवर तुटली, त्या आठवड्यातही त्यांनी पट्टी बांधलेला हात तिथे टेकवला होता. "तापात माझ्या कपाळावर कधी ठेवला नाही तो," आई म्हणायची. मी इंजिनियर माणूस, मला या भक्तीचं हसू यायचं.

स्टँड पत्रे ठोकून बंद केला. पाडायच्या खांबांवर मी स्वतः लाल फुल्या मारल्या. आमच्या शहराच्या संघाच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी या खांबावरची फुली खळग्यापुरती पुसलेली दिसली. सामना तर परगावी झाला होता. कुलूप जागच्या जागी होतं, आणि इकडे कोणी फिरकलंच नाही, असं वॉचमन शपथेवर सांगत होता. मी फुली पुन्हा रंगवली. पुढच्या सामन्यानंतर तेच. रंगच भेसळीचा निघाला, अशी मी मनाची समजूत घातली.

मग बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझ्या वतीनं हात लावून ये. आज सामना आहे. माझा हात लागला नाही असा एक सामना गेलेला नाही."

"स्टँड बंद झाल्यापासून तरी गेलेत ना, बाबा?"

ते नुसते हसले.

आईला बाहेर बसवून मी निघालो. वाटभर नुसती धाकधूक. पोचलो तर खांब सकाळीच पाडून मलबाही उचलला होता. ठेकेदार शाबासकीची वाट बघत उभा होता. आता बाबांना काय सांगायचं?

ठेकेदार पाठमोरा होताच, लाज गिळून मी रिकाम्या जागेत उजवा हात पुढे केला.

गार दगड लागला.

समोर काहीच नव्हतं. पलीकडचं मैदान स्वच्छ दिसत होतं. तळहात मात्र खळग्यात नीट बसला होता.

खिशात फोन वाजू लागला. आईचा असणार.

तेवढ्यात मागून माझ्या हातावर एक उबदार हात टेकला. दिसत कोणी नव्हतं.

माझी करंगळी तेवढी उघडी राहिली.