लोकरीचे मोजे

दार ढकलून तो थेट आतच आला. हातात लोकरीचे मोजे.

"ताईचे पाय गार पडतात हो... कुडकुडली तर फोटो हलेल ना?"

निळसर उजेडात संगणकाच्या पडद्यासमोर बसलेली ती हसू दाबत म्हणाली, "फोटो काढतात शेजारच्या खोलीत. मी नुसती जुळवते."

"लग्नं?"

"स्कॅन!"

तेव्हापासून दर स्कॅनला मोजे आधी तिला दाखवले जायचे, मग ताईच्या पायात जायचे. ताईच्या स्तनात गाठ होती, औषधं चालू होती. पडद्यावर ढगांसारखी करडी चित्रं तरंगायची आणि तो दारातूनच विचारायचा, "जुळवायचं म्हणजे काय हो?"

"माणूस दर वेळी जरा वेगळं झोपतं, वेगळा श्वास घेतं. म्हणून जुन्या चित्रावर नवं अलगद सरकवायचं, आजूबाजूचं हळूच ओढून बसवायचं. गाठीला मात्र ओढायचं नाही. तिलाही ताणून बसवलं, तर ती कमी झाली की नाही ते कळणार कसं?"

"तुमच्या चेहऱ्यावरून कळेल की."

"छे! निकाल डॉक्टर सांगतात. माझा चेहरा म्हणजे भिंत."

"छान आहे भिंत," तो बोलून गेला... आणि कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या स्कॅनला चित्रं एकमेकांवर बसली आणि ती पडद्याजवळ सरकली. गाठ लहान दिसत होती. खरंच लहान झाली, की आपल्या मनानं केली? त्याचे डोळे आठवून हात तर झुकला नाही ना?

तिनं जुळवलेलं सगळं पुसलं आणि वरिष्ठ मॅडमना हाक मारली. "हे तुम्हीच जुळवा. आज माझा मला भरवसा नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मोजेवाला का गं?"

तिनं खुर्ची रिकामी केली. मॅडमचा माऊस सावकाश फिरला. गाठ तिच्या जुळणीत दिसली होती तेवढीच भरली... पहिल्यापेक्षा निम्म्याहून लहान.

बाहेर तो उभाच होता. ती भिंत होऊन समोरून निघून गेली. खोलीत पोचल्यावर मात्र डोळे भरून आले.

थोड्या वेळानं डॉक्टरांकडून ताईच आली, रडत-हसत. "औषध लागू पडलंय गं!" मग मागे वळून, "आणि तू रे? दोन वाक्यं बोलायला अजून किती वेळा मला त्या यंत्रात घालणार आहेस?"

त्यानं खिशातून मोज्यांचा नवा जोड काढला. "तुमच्या खोलीतही गारठा असतो... मला इथे यायला स्कॅनच लागतो का?"

तिनं मोजे गालाला लावले. उबदार होते, बराच वेळ मुठीत धरलेले असावेत.

"नाही लागत," ती म्हणाली, आणि भिंत पार ढासळली. "पण आता तरी दार वाजवून या."