वेआचा वाटा

केळीच्या पानावर भात आणि डुकराच्या मांसाचे दोन तुकडे. रेमीला एवढंच वर पोचवायचं होतं.

केलीमुतू डोंगराच्या माथ्यावर, तीन तळ्यांपाशी, गाव दरवर्षी आपल्या मेलेल्यांना जेवू घालतं. म्हातारे मेले की एका तळ्यात जातात, तरुण मेले की हिरव्या तळ्यात, चेटूक करणारे काळ्यात. कोण कुठे गेलं हे ठरवतात गावातले म्हातारे. वेआ, रेमीची सोळा वर्षांची बहीण, तापानं गेली तेव्हा तिला त्यांनी काळ्यात ढकललं. तापात बरळताना तिनं गावप्रमुखाच्या नातवाचं नाव घेतलं, दुसऱ्या दिवशी नातू आजारी पडला. झालं, चेटकीण! आणि गावप्रमुख कोण, तर सख्खा काका.

"तिला वाढलं तर तिची भूक गावाच्या मागे लागेल," काका म्हणाला. दोन ताटं जेवून तो दात कोरत होता.

"आणि नाही वाढलं तर?"

"शाळा सोडून आलेल्यानं मला अक्कल शिकवू नये."

"डोंगर फुटला, आतून पोकळ झाला, खाली बसला. खड्ड्यांत पाऊस साचला, त्याची तळी झाली. खालून वायू येतो म्हणून पाण्याचे रंग बदलतात. एवढं शिकलोय. त्यात चेटकीण कुठे आली?"

"मग भात कुणाला नेतोयस?"

रेमीनं पान उचललं. तो चालू लागला.

बाकीचे आपापल्यांना वाढून केव्हाच उतरले होते, वर चिटपाखरू नव्हतं. गंधकाचा वास आणि भर दुपारी चढत आलेलं धुकं. हिरव्या आणि काळ्या तळ्याच्या मध्ये कड्याची एक पातळ भिंत उभी आहे. तिच्या टोकाशी त्यानं पान ठेवलं.

"वेआ... जेव गं."

खाली कुठेतरी एक खडा निसटला. पाण्याचा आवाज फार उशिरा आला. तिनं एकदा 'दादा' म्हणावं, कुठल्याही तळ्यातून, एवढंच त्याला हवं होतं.

आली ती काकाची धाप. "ऊठ. वाट दिसेनाशी होईल."

तेवढ्यात काळ्या बाजूनं, अगदी हळू...

"काका..."

तळ्यावर हाकेला ओ द्यायची नाही, ओ देणारा तिथेच राहतो, हे गावातल्या प्रत्येक पोराला काकानंच शिकवलेलं. पण गाव दिवसभर त्याला हाका मारतं. जीभ सवयीची.

"ओ," काका म्हणाला.

मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

"वायू असेल," काका पुटपुटला. "तू म्हणतोस ना... वायू." आणि धुक्यात शिरून खाली गेला.

रेमी काळ्या पाण्याकडे वळला. ज्यानं तिला उपाशी ठेवलं त्याला हाक, आणि मला नाही? त्यानं तिला तीनदा बोलावलं. मग उठला.

वाटेवरच्या ओल्या राखेत काकाच्या रबरी चपलांचे ठसे वर चढलेले होते. खाली उतरलेले ठसे अनवाणी होते. लहान, पोरीच्या पायाएवढे.

घरी काका पायरीवर बसला होता.

"दादा," तो आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भूक लागलीय रे."

रेमी आत गेला. भांड्यातला सगळा भात त्यानं ताटात काढला, मांस वाढलं, आणि ताट घेऊन पायरीवर येऊन बसला. वर धुक्यात काका एकटाच असेल, हे त्याला कळत होतं.

तो उठला नाही.